गड पुन्हा न्हाणायला हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या दिवसांत आपल्या दैनिकाने बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील मुलांनी बांधलेल्या मातीच्या किल्ल्यांची छायाचित्रे सलग छापली, त्याबद्दल प्रथम आपले मनापासून आभार. आमच्या शहापुरातल्या मंडळाने यंदा गल्लीगल्लीतले किल्ले पाहण्यासाठी मलाही बोलावले होते. २०२५ च्या जुलै महिन्यात युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा समावेश झाला. त्यांतले ११ महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. त्या यादीत पन्हाळा असल्यामुळे असेल, पण बऱ्याच मुलांनी यंदा पन्हाळाच केला होता. बुरूज होते, भगवे झेंडे होते, अळीव आणि मोहरी पेरून उगवलेली हिरवळ होती, सलाइनच्या नळीचे कारंजेही होते. मात्र एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा सोडला तर कुणीही पाण्याचे टाके केले नव्हते. या मुलाने मात्र विटांचे तुकडे रचण्याआधीच मध्यभागी खड्डा खणला होता आणि मी तिथे पोहोचलो तेव्हा तो हिरमुसला होऊन त्याच्याकडे बघत बसला होता. मला म्हणाला, "आजोबा, तीनदा भरलं, पण पाणी राहतच नाही. माती सगळं पिऊन टाकते."

डोंगरी किल्ला बांधणाऱ्या प्रत्येकाला हजार वर्षे जी अडचण पडली, ती त्या मुलाला दोन हात जागेत पडली होती. त्याला उत्तर देता देता मनात जे आले ते आपल्या वाचकांपुढे मांडावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे वडील गवंडी होते आणि मी स्वतः बांधकामावरचा ओव्हरसियर म्हणून आयुष्य काढले. त्यामुळे गडावर गेलो की माझे लक्ष आधी दगडाच्या सांध्याकडे आणि पाण्याच्या वाटेकडे जाते. पन्हाळ्याला मी पहिल्यांदा गेलो तो वडिलांबरोबर, निपाणीवरून कोल्हापूर आणि तिथून पुढे वीसेक किलोमीटर. गडावर शिरल्यावर त्यांनी कुठलीही लढाई सांगितली नाही. तटाला हात लावून ते एवढेच म्हणाले की हे एका माणसाचे काम नाही, एका घराण्याचेही नाही. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते, पण पुढे मी जे जे वाचले त्याने त्यांचेच म्हणणे पटत गेले.

पन्हाळ्याचा इतिहास शिलाहारांपासून नीट लागतो. दुसरा भोज हा शिलाहार राजा ११७८ ते १२०९ या काळात राज्य करीत होता आणि ११९१-९२ च्या सुमारास त्याचा दरबार पन्हाळ्यावर भरत असे, हे ताम्रपटावरून कळते. आपल्या भागातल्या अनेक गडांची बांधणी याच भोजाच्या नावावर सांगितली जाते. यादवांच्या सिंघणाने त्याचे राज्य जिंकले, पुढे बहमनी आले. बहमनींचा वजीर महमूद गवान १४६९ च्या पावसाळ्यात पन्हाळ्यावर तळ देऊन राहिला होता. हाच महमूद गवान १४७२ च्या सुमारास आपल्या बेळगावच्या भुईकोटावर चालून आला आणि त्या वेढ्यात त्याने तटाखाली सुरुंग लावून दारू उडवली. म्हणजे ज्या किल्ल्याच्या खंदकाशेजारून आपण रोज ये-जा करतो, त्याची आणि पन्हाळ्याची गाठ शिवकाळाच्या किती आधीपासून पडलेली आहे. बहमनी राज्य फुटल्यावर पन्हाळा विजापूरकरांकडे आला. आज दिसणारे बरेचसे मोठे बांधकाम आदिलशाहीच्या काळातले आहे आणि गडावरचे फारसी शिलालेख त्याची साक्ष देतात. काही मंडळींना हे सांगितलेले रुचत नाही, परंतु महाराजांनी पन्हाळा घेतला तो तितका भक्कम होता म्हणूनच घेतला, हे लक्षात ठेवले तर त्यात कमीपणा वाटण्याचे कारण उरत नाही.

गडाचा घेर सुमारे ७ किलोमीटर आहे. त्यातल्या जवळजवळ निम्म्या भागात मूळचा कडाच तटाचे काम करतो आणि त्याच्यावर फक्त जंग्या (बंदुकीने मारा करायची भोके) असलेली कठड्याची भिंत चढवलेली आहे. उरलेल्या निम्म्या भागात, जिथे डोंगर शत्रूला वाट देतो, तिथे १५ ते ३० फूट जाडीचा तट आणि बुरूज आहेत. जिथे डोंगराने काम केले आहे तिथे माणसाने हात आखडता घ्यायचा आणि जिथे डोंगर कमी पडतो तिथे सगळे बळ लावायचे, हा हिशोब तटाच्या बाहेरून चालत गेले की पावलोपावली दिसतो. आजच्या ठेकेदारीत सगळीकडे सारख्या जाडीची भिंत घालून बिल काढण्याची सवय पाहिलेल्या माझ्यासारख्या माणसाला तर तो फारच जाणवतो.

पश्चिमेकडचा तीन दरवाजा मी किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. बाहेरचा दरवाजा ओलांडला की आत लगेच गड लागत नाही, चारी बाजूंनी बांधलेला चौक लागतो, कडेला कमानींच्या देवड्या आणि समोर आतला दरवाजा. बाहेरचे दार फोडून शत्रू आत घुसला तरी तो या चौकात अडकतो आणि वरून चहूकडून मारा होतो. आतल्या दरवाजाच्या कमानीभोवती वेलबुट्टीचे पट्टे कोरलेले आहेत, फारसी लेख आहे आणि पट्टीवर गणपतीही आहे. लेख कोरणारा एक, गणपती बसवणारा दुसरा, आणि दोघांचेही ऊनपाऊस झेलणारा दगड तोच. या दरवाजाच्या पायात शिसे ओतले आहे असे गडावरचे लोक सांगतात. शिसे असो वा नसो, कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला कसा दाबून धरतो हे पाहायचे असेल तर मोबाइल खिशात ठेवून दहा मिनिटे त्या कमानीखाली मान वर करून उभे राहावे, अशी माझी तरुण मित्रांना विनंती आहे.

अंबरखाना मात्र सर्वांत जास्त वेळ देण्यासारखा. बालेकिल्ल्याच्या आवारात गंगा, यमुना आणि सरस्वती अशा नावांची तीन कोठारे आहेत. त्यांतली गंगा कोठी सर्वांत मोठी. सुमारे १०,००० चौरस फुटांची जागा, ३५ फूट उंची, दोन्ही बाजूंनी वर चढणाऱ्या पायऱ्या आणि आत १६ खण. प्रत्येक खणावर स्वतंत्र घुमटी छत आणि छताच्या मधोमध एक भोक. पायऱ्यांनी वर जाऊन त्या भोकातून धान्य आत सोडायचे. वरी, नाचणी, भात असे जाडेभरडे, टिकाऊ धान्य. एकट्या या कोठीत २५,००० खंडी (खंडी हे धान्याचे जुने माप) मावत असे म्हणतात. उन्हाळ्यात भर दुपारी आत उभे राहा. बाहेर दगड तापून पाय भाजतात आणि आत वरच्या भोकातून पडलेला उन्हाचा एक गोल कवडसा तेवढा जमिनीवर असतो, बाकी सारा गारवा. भिंतीची जाडी, हवा खेळण्याची सोय आणि कोरडा पाया या तीन गोष्टी साधल्याखेरीज धान्य एवढ्या पावसाच्या प्रदेशात टिकत नाही. विजापुरी पद्धतीचे गिलाव्याचे नक्षीकाम पूर्वेच्या दरवाजावर अजून थोडे शिल्लक आहे. चुन्याचा तो गिलावा नखाने खरवडला तरी पूड पडत नाही. (खरवडू नये, हे सांगायला नको. मी ते लहानपणी केले आणि वडिलांचा मार खाल्ला.)

१६६० च्या वेढ्याची गोष्ट आपल्याकडे शिवा काशीद आणि बाजीप्रभूंच्या बलिदानासाठी सांगितली जाते आणि ती तशीच सांगितली पाहिजे. पण या कोठारात उभे राहिले की त्याच गोष्टीची दुसरी बाजू दिसते. अफझलखानाच्या वधानंतर अवघ्या १८ दिवसांत, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी महाराजांनी पन्हाळा घेतला. पुढच्या मार्च महिन्यात सिद्दी जौहरने वेढा घातला आणि राजापूरच्या इंग्रजांनी त्याला तोफांची मदत केली. तरी गड चार महिने पडला नाही. जुलैच्या पावसात महाराज विशाळगडाकडे निसटले. एवढ्या माणसांना आणि जनावरांना चार महिने पुरवठा करणारे जे अदृश्य काम आधीच्या लोकांनी करून ठेवले होते, त्याने त्या रात्रीपर्यंतची वेळ मिळवून दिली. पुढे गड गेला, आणि १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने जेमतेम ६० माणसांनिशी रात्री कडा चढून तो परत घेतला. ज्या कड्याच्या भरवशावर तट कमी जाडीचा ठेवला होता, त्याच बाजूने मराठे चढले, हेही बांधकामाच्या माणसाला शिकवून जाते.

आता त्या मुलाच्या टाक्याकडे येतो. पन्हाळ्याच्या माथ्यावर आपल्या खानापूर-चंदगड भागासारखाच जांभा दगड आहे. जांभा पाणी पितो, आत मुरवतो आणि खालच्या काळ्या थरावर आणून सोडतो. म्हणून असल्या गडांवर विहीर कुठे घ्यायची, टाके किती खोल न्यायचे, हे ठरवणारा माणूस किल्लेदाराइतकाच महत्त्वाचा असला पाहिजे. पन्हाळ्याची अंधारबाव तीन मजली आहे. तळाला पाणी, वरच्या मजल्यांवर पहाऱ्याची माणसे राहण्याची सोय आणि मधल्या मजल्यावरून तटाबाहेर पडायची छुपी वाट. पाण्यात विष कालवून गड घ्यायची रीत त्या काळी होती, म्हणून पाण्यालाच किल्ला केला. गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर जांभ्यात पायऱ्या आणि कमानी खोदून उतरत नेलेली सात कमानींची विहीर आहे. संकेश्वरहून तो गड जवळ आहे, आपल्यापैकी अनेकांनी पाहिलाही असेल. त्या पायऱ्या उतरताना भर उन्हातून एकेका कमानीगणिक गारवा वाढत जातो आणि शेवटच्या कमानीखाली आपल्याच बोलण्याचा आवाज बदलतो.

या सगळ्यामागचे शास्त्र रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र या राज्यकारभारावरच्या ग्रंथात लिहून ठेवले. त्यांची समाधी पन्हाळ्यावरच आहे. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, पाणी नसेल आणि जागा सोडता येत नसेल तर आधी खडक फोडून पुरेशी टाकी करावीत, एका झऱ्यावर निश्चिंत राहू नये कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष आहे, येणारी-जाणारी वाट बुरुजाच्या माऱ्यात असावी, अशी ती कलमे आहेत. पण मला त्यातली सर्वांत मोलाची वाटतात ती रोजच्या कामाची कलमे. तटावर उगवणारी झाडी वरचेवर कापून काढावी. तटाचे आणि तटाखालचे गवत जाळून गड 'न्हाणावा'. केरकचरा गडाखाली ढकलू नये, जागच्या जागी जाळावा आणि ती राख परसात घालून घरोघर भाजीपाला करावा. न्हाणणे हा शब्द आपण बाळंतिणीला, लहान मुलाला किंवा देवाला वापरतो. गडालाही तो शब्द वापरणाऱ्या माणसांना तो दरवर्षी हातांनी सांभाळायचा असतो हे ठाऊक होते.

ते हात कधी थांबले, याचे उत्तर इतिहासात नेमके सापडते आणि त्यात आपल्या बेळगावचाही भाग आहे. १८१८ मध्ये थॉमस मन्रोच्या फौजेने आपला भुईकोट घेतला आणि पुढे इथे मोठी छावणी झाली. कोल्हापूर संस्थानातल्या गडांवर पिढ्यान्‌पिढ्या गडकरी राहत होते. गड राखायचा, त्याची डागडुजी करायची आणि त्याबद्दल मिळालेल्या जमिनी कसायच्या, हा त्यांचा हक्क आणि काम. १८४४ मध्ये कंपनी सरकारच्या कारभाऱ्यांनी या जमिनींवर आणि हक्कांवर हात घातला, तेव्हा सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. त्यांना मोडायला फौज गेली ती बेळगावच्या छावणीतून. ऑक्टोबरमध्ये सामानगड पडला, डिसेंबरच्या पहिल्या दिवशी पन्हाळा पडला. इंग्रजांनी त्यानंतर पन्हाळ्याचा चार दरवाजा जमीनदोस्त केला. आज एस.टी. ज्या बाजूने गडात शिरते, तिथेच एकामागोमाग चार दरवाजांची ती रचना उभी होती. तीन दरवाजा पाहून आपण थक्क होतो, तर चार दरवाजा काय असेल, या विचाराने मला आजही हळहळ वाटते.

पण दरवाजा पाडण्यापेक्षा मोठे नुकसान त्या वर्षी दुसरेच झाले, असे माझे ठाम मत आहे. गडकरी गेले. दरवर्षी पावसाआधी तटावरची रोपटी उपटणारा, टाक्यातला गाळ काढणारा, मोऱ्या मोकळ्या करणारा, निसटलेला चिरा पुन्हा बसवणारा माणूस गडावरून उठला. तोफेचा गोळा तटाला एका जागी भगदाड पाडतो. पिंपळाचे बी कावळ्याच्या विष्ठेतून सांध्यात पडले की दहा पावसाळ्यांत मनगटाएवढे मूळ दोन चिऱ्यांच्या मध्ये घुसते आणि सगळी भिंतच पुढे ढकलते. आपल्याकडचे बहुतेक गड तोफांनी पडलेले नाहीत, ते पिंपळाने, उंबराने आणि तुंबलेल्या पाण्याने पडलेले आहेत.

आपल्या सीमाभागात गडांची वाण नाही. संकेश्वरजवळ महामार्गावरून दिसणारा वल्लभगड, येळ्ळूरचा राजहंसगड, खानापूरच्या जंगलातला भीमगड हे कर्नाटकात. हाकेच्या अंतरावर चंदगड तालुक्यात महिपालगड, कलानंदीगड, गंधर्वगड, पारगड हे महाराष्ट्रात. यांपैकी एकही जागतिक यादीत नाही आणि कदाचित येणारही नाही. पण महिपालगड, गंधर्वगड आणि पारगडावर आजही गाव नांदते. पारगड १६७६ चा, तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा तिथले किल्लेदार होते आणि मालुसऱ्यांचे वंशज अजून गडाशी नाते राखून आहेत. म्हणजे १८४४ साली इतरत्र जो धागा तुटला, तो इथे अजून पुरता तुटलेला नाही. ही संपत्ती आपल्या दाराशी असताना आपण तिचा विचार करीत नाही, याची मला खंत वाटते.

काही वर्षांपूर्वी या भागातल्या एका गडावर दुरुस्तीचे काम चालू होते, ते पाहायला मी गेलो. गडाचे आणि खात्याचे नाव लिहीत नाही, कारण कुणाला दोष देण्यासाठी हे पत्र नाही. जांभ्याच्या जुन्या भिंतीचे सांधे सिमेंटने भरले जात होते. मी तिथल्या देखरेखीच्या माणसाला सांगायचा प्रयत्न केला, तो सौजन्याने वागला, पण अंदाजपत्रकात सिमेंटच आहे म्हणाला. पुढे चार पावसाळ्यांनी पुन्हा गेलो. सिमेंटच्या रेघा जशाच्या तशा ताठ उभ्या होत्या आणि त्यांच्यामधले चिरे खोलगट झाले होते. बोट लावले की तांबडी भुकटी गळत होती. कारण साधे आहे. जांभ्याची भिंत पावसात पाणी घेते आणि उघडीप झाली की ते बाहेर सोडते. सांधा चुन्याचा असेल तर पाणी सांध्यातून निघून जाते आणि झिजलाच तर चुना झिजतो, तो पुन्हा भरता येतो. सांधा सिमेंटचा असेल तर पाण्याला दगडातूनच बाहेर पडावे लागते आणि झिजतो तो दगड. चारशे वर्षे टिकलेला चिरा अशा दुरुस्तीने एका माणसाच्या हयातीत जातो. त्यापेक्षा ती भिंत तशीच ठेवली असती तर बरे झाले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

राजहंसगडावर २०२३ मध्ये महाराजांचा भव्य पुतळा उभा राहिला आणि तेव्हापासून तिथे सुटीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. मुलेबाळे गडावर येतात, सिद्धेश्वराचे दर्शन घेतात, हे पाहून आनंदच होतो. माझी विनंती एवढीच की, पुतळ्यासमोर मुजरा केल्यावर आपल्या मंडळांनी तटाभोवती एक फेरी घालावी आणि वर्षातला एक रविवार तटासाठी द्यावा. मृगाच्या आधी सांध्यांतली रोपटी ती कोवळी असतानाच काढावीत, मोऱ्या मोकळ्या कराव्यात, टाक्यांतला गाळ उपसावा. मोठी झालेली झाडे मात्र आपल्या मनाने ओढू नयेत. मूळ ओढले की त्याने धरलेले दगडही खाली येतात, तिथे जाणकाराला विचारूनच हात घालावा. आणि दगड हलवणे, रंग मारणे, नावे लिहिणे हे तर कुणीच करू नये.

जिथे गडावर गाव आहे, तिथे हे काम दोन्ही राज्यांच्या पुरातत्त्व खात्यांनी गावकऱ्यांना रीतसर सोपवावे, वर्षाला ठरावीक मोबदला द्यावा आणि त्यांच्यातल्याच चार-पाच तरुणांना चुन्याचे काम शिकवावे, अशी माझी मागणी आहे. दहा वर्षांतून एकदा मोठी निविदा काढण्यापेक्षा दरवर्षी थोडा खर्च करणे स्वस्त पडते, हे मी सरकारी बांधकामांवर आयुष्यभर पाहिले आहे. फलक लावायचे ते मराठीत आणि कानडीत दोन्ही भाषांत लावावेत. वडिलांच्या हाताखाली काम करणारे निम्मे पाथरवट कानडी बोलत आणि निम्मे मराठी. ओळंबा धरताना, चिरा सरकवताना त्यांची भाषा एकच होती. फलकावर फक्त राजांची नावे आणि लढायांच्या तारखा नकोत. पाणी कुठून येते, कोठार कसे चालत असे, तट इथे जाड आणि तिथे बारीक का आहे, हेही लिहावे म्हणजे गड पाहणाऱ्या मुलांना पाहायला काहीतरी मिळेल.

त्या मुलाला मी काय सांगितले तेही लिहितो. त्याचे टाके आम्ही दोघांनी पुन्हा खणले, तळाला आणि बाजूंना चिकणमातीचा लेप दिला, तो ओला असतानाच थापीने ठोकून घट्ट केला आणि एक रात्र सावलीत वाळू दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरले ते संध्याकाळपर्यंत बोटभर उतरले, पण राहिले. आता त्याला खरा चुना कसा करतात ते पाहायचे आहे.

वडिलांच्या थाप्या, ओळंबा आणि चुना मळायची दगडी द्रोणी माझ्याकडे अजून आहे. बेळगाव परिसरातल्या ज्या मंडळांना, शाळांना किंवा गडांवरच्या गावांना हे काम शिकायचे असेल, त्यांना मी विनामोबदला शिकवायला तयार आहे. आपल्या कार्यालयामार्फत त्यांनी माझ्याशी संपर्क साधावा. फक्त एक सांगतो की कळीचा चुना आज भिजत घातला आणि उद्या वापरला असे चालत नाही, तो मुरावा लागतो. चैत्रात हाताला चुना लागायचा असेल तर माघातच भिजत घालावा लागेल, तेव्हा ज्यांना यायचे आहे त्यांनी संक्रांतीपर्यंत कळवावे.

आपला नम्र,
एक निवृत्त ओव्हरसियर
शहापूर, बेळगाव